त्या बोर्डावर आणखी काय होतं

राव,

तुमच्या तेराव्याला तुमच्या फोटोपुढे विजेचा दिवा होता. प्लास्टिकची समई, तिच्या टोकाला पिवळा बल्ब, आणि ज्योत हलतेय असं वाटावं म्हणून तो बल्ब मधूनमधून थरथरणारा. फोटोत तुम्ही वैतागलेले दिसता. फोटो जुना आहे हे मला माहीत आहे, तरी मला वाटत होतं की तुम्ही त्या दिव्याकडे बघूनच वैतागलात.

दिवा तुमच्या मुलाने, प्रसन्नाने, आणला होता. तुमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "अरे, तेलाचा नाही लावायचा?" तर तो म्हणाला, "अम्मा आणि आग एका घरात नको. अविनाश अंकलना विचारा, ते फायर सेफ्टीतले आहेत."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात पायसमची, म्हणजे खिरीची, वाटी होती. मी मान डोलावली.

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले होते आणि मी तुमच्याच घरात, तुमच्याच फोटोसमोर, पुन्हा तेच केलं.

प्रसन्ना आईला, आपल्या अक्कांना, बेंगळुरूला न्यायचं म्हणत होता. अक्कांना जायचं नव्हतं. "चाळीस वर्षं याच ओट्यावर स्वयंपाक केलाय," एवढंच त्या म्हणत होत्या. त्यावर तो म्हणाला, "एकटी असताना पुन्हा आग लावलीस तर?" आणि अक्का उठून आत गेल्या. राव, त्या वाक्यातला 'पुन्हा' माझा आहे. सहा वर्षांपूर्वी तो मी त्या घरात ठेवला आणि जिना उतरून खाली माझ्या घरी गेलो.

सांगतो. पण मी सरळ मुद्द्याला येणारा माणूस नाही, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

माझ्या सगळ्या फजित्या तुम्हाला पाठ होत्या. सांगलीहून इकडे चेन्नईला आलो, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलो आणि पहिल्याच प्रात्यक्षिकात दीडशे कामगारांसमोर आग विझवायचं लाल नळकांडं उचलून "बघा किती सोपं आहे" म्हणालो. दाबतोय, दाबतोय, काही येईना. पिन काढलीच नव्हती. शेवटी कँटीनच्या आचाऱ्याने ओलं पोतं टाकून आग विझवली आणि मला तमिळमध्ये विचारलं की सार, आता चहा आणू का. ही गोष्ट तुम्ही वीसेक वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी पोत्यापाशी आलो की तुम्ही आधीच हसायला लागायचा. मला 'सेफ्टी सार' हे नाव त्याच गोष्टीवरून तुम्ही ठेवलंत आणि अण्णा नगरच्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगने उचललं.

तुम्ही स्वतः इतिहासाचे मास्तर. आगीशी तुमचा काही संबंध नव्हता. तरी जिन्यात भेटलात की पहिला प्रश्न, "अस्के बंद केलं का?" 'अस्के' म्हणजे सगळं, हे तुमच्या तंजावरी मराठीतून मी पहिल्या आठवड्यात शिकलो. तुमची ती बोलण्याची चाल मला लिहिता येत नाही. म्हणून इथे तुम्ही बहुतेक माझ्यासारखंच बोलाल, माफ करा. अस्के म्हणजे सिलिंडरचा खटका, गिझर, इस्त्री, स्टॅबिलायझर, डासांची मशीन आणि देवापुढची उदबत्ती. लोक म्हणायचे, लहानपणी काहीतरी घडलं असणार. मी एकदा विचारलंही. तुम्ही म्हणालात, "काही घडलं नाही. का नाही घडलं, विचार करा."

आणि तुमची ती नवरात्रातली वारी. इकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात: पायऱ्या, त्यावर पांढरं धोतर, त्यावर बाहुल्या, खाली कापसाचे डोंगर आणि भुशाची बाग. बायका एकमेकींकडे जातात, बाहुल्या बघतात, गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खातात आणि हळदीकुंकू घेऊन निघतात. अक्कांबरोबर तुम्हीही निघायचा, हातात टॉर्च. बाया बाहुल्यांसमोर, तुम्ही पायऱ्यांमागे. घरातल्या सुनेला कळायचं नाही की हे मामा भिंतीला गाल लावून काय बघतायत. मग मागून तुमचा आवाज यायचा: "एका बोर्डावर चार माळा! त्यात वायरची गुंडाळी कापसाखाली! ही काय, अंडी उबवायला ठेवलीय?" अक्का कपाळावर हात मारायच्या. पण दुसऱ्या दिवशी त्या घरातली वायर मोकळी केलेली असायची, कारण तुम्ही परत बघायला जायचा.

एक माझ्या घरची सकाळ. मेधा माहेरी गेलेली. मी दूध गॅसवर ठेवून दाढी करायला गेलो. दूध उतू गेलं, त्यानेच गॅस विझला आणि मी गालाला फेस लावून स्वयंपाकघरात आलो तेव्हा वास भरलेला. मी, सेफ्टी ऑफिसर, वास बाहेर काढावा म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढा!" तुम्ही दारात. जिन्यावरच तुम्हाला वास आला होता आणि माझं दार नेहमीप्रमाणे उघडं. गुडघे धरून चार पावलांत येऊन तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. खराखुरा, मास्तरांचा.

"बटण दाबलं की ठिणगी पडते. कारखान्यात हेच शिकवता ना?"

"हेच शिकवतो."

"मग?"

"ती नोकरी झाली, राव."

तुम्ही खटका बंद केलात, खिडक्या उघडल्यात आणि खाली बसून हसलात. मला अजून फटका आठवतो तसंच ते हसणंही. माझ्या मूर्खपणावर इतक्या प्रेमाने कुणी हसलं नव्हतं. म्हणूनच मी फजित्या करत गेलो आणि तुम्हाला सांगत गेलो. एक सोडून.

सहा वर्षांपूर्वीचं नवरात्र. तुमच्याकडे संध्याकाळी बायका जमलेल्या. मेधाला गायला सांगितलं होतं आणि तिचा घसा बसला होता. तिने डोळ्यांनी खूण केली, गरम पाणी. तुमचं स्वयंपाकघर बायकांनी आणि सुंडलाच्या पातेल्यांनी भरलेलं. मी खाली आलो. घरीच पाणी तापवून थर्मासमधून नेता आलं असतं, हे मला आज कळतं. पण कपाटात विजेची किटली होती. नवीकोरी. कारखान्यातल्या सेफ्टी सप्ताहात प्रश्नमंजूषेत मला पहिलं बक्षीस म्हणून मिळालेली. पहिला प्रश्न काय होता माहितीये? गुंडाळलेल्या वायरवर जास्त भार टाकला तर काय होतं.

ती किटली घेऊन मी वर आलो. प्लग कुठे, तर सोफ्यामागचा एक, त्यावर पंखा. मग मला आठवलं, कोलूच्या पायऱ्यांमागे तुमचा बोर्ड आहे. त्यावर दोन माळा, तिसरी जागा रिकामी. तुम्ही ती मुद्दाम रिकामी ठेवायचा. मी वाकलो, किटली लावली. किटलीची वायर आखूड पडत होती म्हणून बोर्ड पुढे ओढला, बोर्डाची सुटी पडलेली वायर गुंडाळून कापसाखाली सारली. पाणी उकळलं. मेधा प्यायली, गायली, सुरेख गायली. मग दोघीतिघींना पाणी हवं होतं. पुन्हा लावली. मग पुन्हा. शेवटी किटली काढून पिशवीत घातली. ती कुठे लावली होती ते कुणी पाहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, राव. तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतंच.

सगळे समोरच्या घरचा कोलू बघायला गेलो. अर्ध्या तासाने धूर.

तुम्ही कसं विझवलंत ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मेन स्विच पाडलात, कोलूशेजारी ठेवलेल्या वाळूच्या बादलीने, ज्या बादलीला आम्ही दरवर्षी हसायचो, खालची आग दाबलीत आणि ओली चादर घेऊन पायऱ्यांवर पडलात. त्या धांदलीत तुमचाच पाय लागून समई कलंडली, ते तुम्हालाही कळलं नाही, फक्त मी पाहिलं. तीन पायऱ्या जळल्या. तुमच्या आईच्या वेळची लाकडी राजाराणी काळी पडली. तुमचा डावा हात भाजला.

मग सगळे जमले आणि कुणीतरी म्हणालं, "सेफ्टी सार, तुम्ही सांगा, कशामुळे?"

मी पायऱ्यांमागे टॉर्च मारला. बोर्ड वितळलेला. गुंडाळलेल्या वायरीचा एकच गोळा झालेला. मला एका क्षणात कळलं: किटली काढल्यावरही कापूस आतून धुमसत राहिला होता. वर्षाला चार वेळा मी याचेच फोटो पडद्यावर दाखवतो. मी मागे वळलो तर समोर आडवी समई आणि सांडलेलं तेल.

"समई," मी म्हणालो. "वात मोठी असणार. ठिणगी कापसावर गेली."

अक्का म्हणाल्या, "मी वात मोठी केली नव्हती."

त्यांचा आवाज लहान होता. कुणी ऐकला नाही. मी ऐकला.

घरी मेधाने विचारलं, "किटली कुठे लावली होतीस रे?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." झालं. माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो! पुढच्या सेफ्टी सप्ताहात ती किटली मी धुऊनपुसून, खोक्यात घालून पुन्हा बक्षीस म्हणून दिली. ही खरं तर माझी सगळ्यात चांगली गोष्ट. किती हसला असता तुम्ही. सहा वर्षं ओठांपर्यंत यायची.

तुम्ही मात्र मानायला तयार नव्हता. वितळलेला बोर्ड तुम्ही बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलात. दर रविवारी मी कॉफीला आलो की डबा निघायचा.

"हे बघा सार. आतून वितळलंय. आग बाहेरून आली असती तर बाहेरची बाजू आधी गेली असती."

"राव, तसं नेहमीच नसतं. उष्णतेचा प्रवाह असतो, हवेचा झोत असतो..."

"समई पायऱ्यांपासून पाच फूट. मी दरवर्षी टेप लावून मोजतो."

"ठिणगी उडते."

"दोन माळांना करंट किती लागतो? मी इतिहासवाला आहे, पण गुणाकार मला येतो. दोन माळांनी हा बोर्ड वितळणार नाही. त्या बोर्डावर आणखी काय होतं?"

मी कॉफीचा घोट घ्यायचो. मग दोनचार इंग्रजी शब्द फेकायचो, कारखान्यातले. त्या शब्दांपुढे तुम्ही थांबायचा. हरल्यासारखे नाही, हे शब्द आपल्याला येत नाहीत, तेव्हा समोरचा बरोबर असू शकतो, असं प्रामाणिक माणूस थांबतो तसे. मला त्या थांबण्याची सवय झाली. स्वयंपाकघरातून अक्कांना सगळं ऐकू यायचं. त्यांनी पुढच्या वर्षी कोलू मांडला नाही. मग समई माळ्यावर गेली. मग प्रसन्ना आला आणि त्याने विजेची शेगडी आणली. गॅस फक्त तुम्ही घरात असताना पेटवायचा, असं ठरलं. आपल्याच घरात अक्का काडी ओढायच्या आधी तुम्हाला हाक मारायला लागल्या: "अहो, पेटवू का?" ते ऐकून मी आणखी एक फजिती सांगायचो. मोठ्याने.

हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटलो तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं. मेट्रोमध्ये वाक्य जुळवत आलो होतो. तुम्ही नळ्यांमधून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सार, ती पिनची गोष्ट." मी पिनची गोष्ट सांगितली. पोत्यापाशी आलो तेव्हा तुम्ही हसलात, हसताहसता खोकला लागला, आणि नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं, राव. सुटलो असं वाटलं.

आता तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी मी कारखान्याच्या बसला निघालो होतो. जिन्यात प्रसन्ना. दोन्ही हातांत तुमच्याकडची गॅसची शेगडी. तीच, पितळी बर्नरची, जी अक्का दर शुक्रवारी चिंचेने घासायच्या.

"कुठे नेतोस?"

"खाली देऊन टाकतो, अंकल. सिलिंडरही परत करतोय. अम्मा ऐकत नाही. म्हणते, मी इथेच राहीन. गॅसच नसेल तर काय राहणार? तुम्हीच सांगितलं होतं ना तेव्हा, की हे वयाचं असतं, हात कापतात, वात कळत नाही..."

वयाचंही मी बोललो होतो, राव. हे मी विसरूनच गेलो होतो. खोट्याला टेकू द्यायला किती काय काय बोललो असेन.

मी म्हटलं, "प्रसन्ना, शेगडी वर घे."

"अंकल?"

"वर घे. मला अक्कांशी बोलायचंय."

अक्का पलंगावर बसल्या होत्या, शेजारी अर्धी भरलेली बॅग. मी उभ्यानेच सांगितलं. एकही विनोद न करता काही सांगायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. वाक्यं नीट जमत नव्हती. किटली. तिसरा प्लग. गुंडाळलेली वायर. कापूस. पंधराशे वॅट. समई तुमच्या पायाने नंतर पडली. मेधा मागून वर आली होती, पिशवी विसरलो म्हणून द्यायला. तीही दारात उभी राहून ऐकत होती.

प्रसन्नाच्या हातात शेगडी तशीच होती. तो तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, ते लिहीत नाही. बरोबर होतं.

अक्कांनी बॅग थोडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "किती वेळा लावलीस?"

"तीनदा."

"तिसऱ्यांदा मी पण प्यायले त्यातलं पाणी."

"हो."

"साखर घातली होतीस त्यात. मला आवडलं होतं."

मी खाली बसलो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बॅगेकडे बघत होत्या.

"शेवटच्या आठवड्यात यांनी मला विचारलं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं सगळ्यांशी भांडले माझ्यासाठी. मला एकदाही विचारलं नव्हतं. हॉस्पिटलात विचारलं. 'इंदू, खरंच वात मोठी केली नव्हतीस ना?'"

"मग?"

"मी म्हटलं, आठवत नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला खरंच आठवत नव्हतं, अविनाश. इतकी वर्षं सगळे म्हणतायत, तर केली असेल मीच, असं वाटायला लागलं होतं. ते म्हणाले, 'सरी, बरं.' आणि भिंतीकडे वळले. मग आमचं काही बोलणं झालंच नाही."

मला वाटत होतं मी एका वातीबद्दल खोटं बोललो.

मेधा पुढे झाली, प्रसन्नाच्या हातातून शेगडी घेतली आणि ओट्यावर ठेवली. नळी जोडली. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

प्रसन्ना एकटाच बेंगळुरूला गेला. जाताना मला म्हणाला, "अम्मा राहील इथे. पण तुम्ही तिच्याकडे फार जाऊ नका." मी बरं म्हटलं.

अक्कांनी त्या कबुलीच्या दिवशी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "ते तसेच गेले. आता त्यांना कोण सांगणार? तू सांग. गोष्टी सांगता येतात ना तुला? लिही. आणि खाली नोटिसांच्या फळ्यावर लाव, अस्क्यांना वाचू दे. आधी मला वाचून दाखव."

म्हणून हे लिहिलं. कारखान्यातून आल्यावर चार संध्याकाळी बसून लिहिलं, फार दमलो. आज वर जाऊन वाचलं. अक्कांनी आत ये म्हटलं नाही. जाळीचं दार लावलेलंच ठेवलं आणि आतल्या बाजूला खुर्ची ओढून ऐकलं. पिनच्या गोष्टीला हसल्या नाहीत. किटली परत बक्षीस दिली, तिथे म्हणाल्या, "लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "तेव्हा नाही वाटली." म्हणाल्या, "पुढे वाच."

संपल्यावर म्हणाल्या, "यात तूच फार आहेस. चेष्टा कमी कर. ते हसतील आणि मुद्दा राहील बाजूला."

थोडी कमी केली, राव. जी राहिली ती माझ्याने निघाली नाही.

"आणि शेवट असा नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते ते लिही. तेवढंच लिही आणि खाली तुझी सही कर."

त्यांनी जाळीआडून सांगितलं, मी जिन्यात बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहून घेतलं. ते असं:

त्या संध्याकाळी समई जागेवर होती. वात लहान होती. इंदूला आठवतंय.

अविनाश